मनाईहुकूम बांधाला मिळतो, वाटेला का नाही?

दिवाळीच्या सुट्टीत घरी, चिरनेरला होते. आईकडे एक काकी आल्या होत्या. त्यांच्या नात्यातल्या एका मुलीला कामाचं आमिष दाखवून मुंबईला नेलं होतं. तिची सुटका झाली, ती परत आली, केस उभी राहिली. पुढे नेणारा माणूस जामिनावर सुटला आणि एसटी स्टँडजवळच्या टपरीवर दिसायला लागला. काही बोलत नाही, हात लावत नाही. नुसता उभा असतो. मुलीनं कॉलेज सोडलं आणि घरच्यांनी तिला लांबच्या मावशीकडे पाठवून दिलं.

काकी मला म्हणाल्या, "बाय, तू कोर्टाचे जुने कागद वाचतेस ना? मग एक सांग. दिराशी बांधावरून भांडण झालं तेव्हा कोर्टानं मनाईहुकूम दिला. बांधावर पाय ठेवायचा नाही म्हणून. मग पोरीच्या वाटेवर पाय ठेवू नको, असं कोर्ट का सांगत नाही?"

मी जामिनाच्या अटी वगैरे काहीतरी सांगितलं. ते चूक नव्हतं, पण अर्धवट होतं. उरलेलं अर्धं उत्तर शोधताना जे वाचलं, ते इथे मांडते आहे. (मुलीची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहेच. पण तुम्ही मुलाखती घ्यायला लागाल तेव्हा कायदा नसता तरी हे पाळायचं, हे आत्ताच मनाशी ठरवून टाका.)

आधी शब्द स्पष्ट करू. 'संपर्कबंदीचा दिवाणी आदेश' म्हणजे काय? अमुक व्यक्तीनं तमुक व्यक्तीच्या जवळ जायचं नाही, फोन-मेसेज करायचा नाही, घर-शाळा-कामाच्या जागेच्या आसपास फिरकायचं नाही, असा न्यायालयाचा हुकूम. दिवाणी का? तर तो मिळण्यासाठी फौजदारी खटला चालू असावा, गुन्हा सिद्ध व्हावा, अशी अट नसते. धोका आहे एवढं पटवून द्यायचं. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात लैंगिक अत्याचाराच्या पीडितांसाठी अगदी याच नावाचा कायदा आहे. समोरचा नवरा आहे, शेजारी आहे की अनोळखी, यानं तिथे फरक पडत नाही.

आपल्याकडे असा कायदा नाही. मग त्याचा इतिहास कसा लिहायचा? हा प्रश्न मला माझ्या गाइडनीही विचारला होता. माझं उत्तर असं, की कायदा नसला तरी 'कोणी कोणापासून लांब राहायचं' हे ठरवणारे हुकूम आपल्याकडे दीडशे वर्षं निघत आले आहेत. ते वाचायचे. वाचताना प्रत्येक हुकुमाला तीन प्रश्न विचारायचे: हुकूम कोणी मागितला? पाय कोणाचे बांधले गेले? आणि हुकूम मोडला तर शिक्षा कोणाला?

प्रश्न सुचले ते अक्कादेवीच्या डोंगरावर

हे तीन प्रश्न मला कुठल्या थिअरीच्या पुस्तकात मिळाले नाहीत. ते गावातल्या हुतात्मा स्मारकासमोर सुचले. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेर आणि आसपासच्या गावांतले लोक अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रहासाठी गेले. तेव्हा चिरनेर कुलाबा जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यात होतं, आज ते रायगडच्या उरण तालुक्यात आहे. पोलिसांनी गोळीबार केला. आठ जण हुतात्मा झाले. त्याच गोळीबारात मामलेदार जोशीही मारले गेले.

शाळेत हे सगळं आम्ही 'स्वातंत्र्यलढा' म्हणून शिकलो, आणि ते बरोबरच आहे. पण कागदाच्या बाजूनं पाहिलं तर तो एका मनाईचा इतिहास आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली राखीव जंगलात कोणी शिरायचं, काय तोडायचं, हे सरकार ठरवत होतं. तीन प्रश्न लावून बघा. मनाई मागितली सरकारनं. पाय बांधले गेले ते डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांचे, ज्यांचं सरपण त्या डोंगरावर होतं. मोडल्यावर शिक्षाही त्यांनाच. म्हणजे मनाईहुकूम ही गोष्ट मुळात चांगलीही नसते आणि वाईटही नसते. ती कोणाच्या हातात आहे, यावर सगळं ठरतं. स्त्रियांविषयीचे हुकूम वाचताना हे डोक्यात पक्कं ठेवा.

१८८७: कोर्ट म्हणालं, 'जा'

सुरुवात करू उलट्या टोकापासून. संपर्क ठेवू नको असं सांगण्याच्या खूप आधी आपल्या दिवाणी न्यायालयानं एका स्त्रीला संपर्क ठेवच, असं सांगितलं होतं.

रखमाबाईंचं लग्न त्या अकरा वर्षांच्या असताना दादाजी भिकाजीशी लागलं. त्या सासरी नांदायला गेल्याच नाहीत. आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहिल्या, शिकल्या. १८८४ मध्ये दादाजीनं मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला: बायकोनं माझ्या घरी येऊन राहावं. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूनं निकाल दिला. अपिलात तो टिकला नाही आणि प्रकरण पुन्हा सुनावणीला आलं. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग.

रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. ते त्यांचं उत्तर देशभर गाजलं, लंडनपर्यंत पोचलं. शेवटी १८८८ मध्ये दादाजीला दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरतेत त्यांनी काम केलं.

या खटल्याकडे आपण बालविवाह, संमतिवय, टिळक विरुद्ध सुधारक या चौकटीत पाहतो. सुधीर चंद्र यांचं 'एन्स्लेव्हड डॉटर्स' हे १९९८ चं पुस्तक जरूर वाचा, त्यातून कायद्याची बाजूही कळते. माझ्या कामासाठी त्यातला एक मुद्दा महत्त्वाचा आहे. हा फौजदारी खटला नव्हता, दिवाणी दावा होता. म्हणजे 'व्यक्तीनं व्यक्तीपासून किती अंतरावर असावं' हे ठरवण्याची ताकद दिवाणी न्यायालयाकडे नव्हती, असं कोणी म्हणू शकत नाही. ताकद होती. फक्त ती अंतर मिटवण्यासाठी वापरली गेली. मागणारा नवरा, पाय बायकोचे, तुरुंगही बायकोलाच.

या हुकुमामागची तुरुंगाची तरतूद १९२३ मध्ये दिवाणी प्रक्रिया संहितेतून काढली गेली. साल लक्षात ठेवा. ते लगेच पुन्हा येणार आहे.

१९१७ ते १९२३: अकूताई आणि नंतरचा कायदा

१९१७ मध्ये मुंबईत डंकन रोडवरच्या एका कुंटणखान्यात अकूताई नावाच्या स्त्रीचा छळ होऊन मृत्यू झाला. तिनं तिथून पळून जायचा प्रयत्न केला होता. त्या खटल्यातल्या कागदांवर अश्विनी तांबे यांनी 'कोड्स ऑफ मिसकंडक्ट' (२००९) या पुस्तकात सविस्तर लिहिलं आहे. ते वाचताना एक गोष्ट टोचत राहते. अकूताईपुढचा प्रश्न 'कोंडलेली आहे' एवढाच नव्हता. बाहेर पडल्यावर मागे येणाऱ्याला अडवणार कोण, हाही होता. पळालेल्या बाईला परत आणता येतं, ही खात्री हाच त्या धंद्याचा खरा कुलूपबंद दरवाजा.

या प्रकरणानं शहरात खळबळ उडाली. १९२१ मध्ये मुंबईतल्या वेश्याव्यवसायाचा विचार करायला सरकारनं समिती नेमली आणि १९२३ मध्ये मुंबई वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा झाला. त्यानं दलालांना, मुली पुरवणाऱ्यांना शिक्षा ठेवली, पण रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणाऱ्या बाईलाही ठेवली.

म्हणजे १९२३ या एकाच वर्षात दोन गोष्टी झाल्या. नवऱ्याकडे न जाणाऱ्या बायकोला तुरुंगात टाकायचं कायद्यानं थांबवलं, आणि बाजारातल्या बाईला कायद्याच्या कक्षेत आणलं. पहिलीला 'जा' म्हणायची सक्ती सैल झाली. दुसरीला 'इथून हट' म्हणायला सुरुवात झाली. 'तू तिच्या मागे जाऊ नकोस', हे तिसरं वाक्य मात्र कोणालाच सुचलं नाही.

१९५६: हलवायचं कोणाला?

स्वातंत्र्यानंतर भारतानं १९५० च्या न्यूयॉर्क करारावर सही केली आणि त्यातून १९५६ चा कायदा आला. १९८६ च्या दुरुस्तीनंतर त्याचं नाव अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम झालं. बोलताना सगळे 'पिटा' म्हणतात. त्यातली दोन कलमं शेजारी ठेवून वाचा.

कलम १७: छाप्यात सोडवलेल्या स्त्रीला दंडाधिकाऱ्यापुढे हजर करायचं. तिचं वय, पार्श्वभूमी, तिला ज्यांच्याकडे सोपवायचं ते योग्य आहेत का, याची चौकशी करायची आणि तोवर तिला सुरक्षित ताब्यात ठेवायचं. चौकशीनंतर तिला संरक्षणगृहात पाठवता येतं. कलम २०: दंडाधिकाऱ्याला वाटलं तर तो वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रीला आपल्या हद्दीतून निघून जायला सांगू शकतो, आणि परत न येण्याचा हुकूम देऊ शकतो.

कलम २० ला कानपूरच्या काही स्त्रियांनी आव्हान दिलं होतं. साठच्या दशकात सर्वोच्च न्यायालयानं 'उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध कौशल्या' या खटल्यात ते कलम वैध ठरवलं.

गंमत बघा, खरं तर गंमत नाहीच. जागेपासून लांब ठेवण्याचा, परत आल्यास शिक्षा देण्याचा पूर्ण तयार साचा या कायद्यात होता. फक्त तो बाईवर लावायचा होता. दलालाला तुरुंग आहे, पण सुटल्यावर 'त्या मुलीच्या आसपास दिसायचं नाही' असा हुकूम तिला मागता येईल, अशी तरतूद त्यात नाही. तिच्या सुरक्षिततेचा अर्थ झाला तिला कुठेतरी ठेवणं. काकींच्या नात्यातली ती मुलगी मावशीकडे गेली, ती याच जुन्या पद्धतीनं गेली. संरक्षणगृहाच्या जागी मावशीचं घर, एवढाच फरक.

२००२: 'प्रेरणा' खटला

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर संपर्कबंदीच्या सगळ्यात जवळ जाणारा निकाल माझ्या मते 'प्रेरणा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा आहे. मुंबई उच्च न्यायालय, ७ ऑक्टोबर २००२. प्रेरणा ही कामाठीपुऱ्यात १९८६ पासून काम करणारी संस्था. त्या वर्षी एप्रिलमध्ये पोलिसांनी मुंबईत छापा टाकून २४ जणींना सोडवलं होतं. त्यात अल्पवयीन मुलीही होत्या. प्रश्न आला तो सुटकेनंतर. या मुलींचं पुढे काय करायचं, आणि त्यांच्या वतीनं कोर्टात उभं कोण राहतंय?

कारण धंद्याची साखळी कोर्टाच्या दारापर्यंत येते. आरोपीसाठी उभा राहणारा वकीलच 'मी मुलीचाही वकील' म्हणून तिला सोडा असा अर्ज करतो. कोणीतरी 'मी मावशी', 'मी काका' म्हणून ताबा मागतं. अकूताईच्या वेळी मागे येणारा माणूस रस्त्यानं यायचा, आता तो अर्ज घेऊन येतो.

न्यायालयानं दिलेले निर्देश थोडक्यात असे:

• दंडाधिकाऱ्यानं मुलगी पहिल्यांदा हजर केली तेव्हाच तिचं वय तपासायचं. ती १८ च्या आतली असेल तर प्रकरण बालकल्याण समितीकडे किंवा बाल न्याय मंडळाकडे पाठवायचं.
• परिवीक्षा अधिकाऱ्याच्या चौकशीशिवाय अशा मुलीला सोडायचं नाही.
• सोडायचं तर फक्त आईवडिलांकडे किंवा पालकाकडे, तेही समितीनं त्यांना योग्य ठरवल्यावर.
• दलालाच्या किंवा कुंटणखाना चालवणाऱ्याच्या वकिलानं त्याच प्रकरणात सुटका झालेल्या मुलीचा वकील म्हणून उभं राहायचं नाही.

शेवटचा निर्देश पुन्हा वाचा. अंतर ठेवण्याची जबाबदारी इथे पहिल्यांदा समोरच्या बाजूवर आली. मुलगी हलली नाही, वकिलाला हलवलं. 'संपर्कबंदी' हा शब्द निकालात शोधायचा नाही, काम शोधायचं. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही सवय लागलीच पाहिजे.

पण या संरक्षणाला दुसरी बाजूही आहे. सज्ञान स्त्रियांचं काय? सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे तीन सज्ञान स्त्रिया होत्या. छाप्यात 'सोडवल्यानंतर' त्यांना त्यांच्या मर्जीविरुद्ध वसतिगृहात ठेवण्याचा आदेश झाला होता. उच्च न्यायालयानं तो रद्द केला: सज्ञान स्त्रीला स्वतःच्या इच्छेनं कुठे राहायचं, कुठे जायचं याचा अधिकार आहे. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर कळतं की सुरक्षितता आणि कोंडून ठेवणं यांत भिंत नाही, नुसता पडदा आहे. तो पडदा म्हणजे तिचं स्वतःचं म्हणणं.

तडीपार: पुरुषाला हलवणारा हुकूम

तुमच्यापैकी कोणीतरी विचारेल, पुरुषाला हलवणारा हुकूम आपल्याकडे नाहीच का? आहे की. आणि त्याला अस्सल मराठी शब्द आहे: तडीपार. तड म्हणजे काठ. त्या काठापलीकडे धाडलेला तो तडीपार.

मुंबई शहर पोलीस कायदा १९०२ मध्ये ही तरतूद होती. १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 'गुरबचन सिंग' खटल्यात ती वैध ठरवली. आज ती महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ५५ ते ५७ मध्ये आहे. कलम ५६ चं कारण ऐकण्यासारखं आहे: जिवाच्या किंवा मालमत्तेच्या भीतीनं साक्षीदार उघडपणे पुढे येत नसतील, तर त्या इसमाला जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी हद्दीबाहेर घालवता येतं. म्हणजे 'तो नुसता उभा असला तरी लोक घाबरतात' हे कायद्याला पूर्वीपासून माहीत आहे!

आता आपले प्रश्न. पाय पुरुषाचे, शिक्षाही त्यालाच. पण हुकूम मागतो पोलीस, देतो पोलीस किंवा महसूल अधिकारी. कारण असतं गावाची शांतता. त्या मुलीला अर्ज करण्याची जागा यात नाही. शिवाय तडीपारी संबंध जिल्ह्यातून असते. अवजड हत्यार आहे ते, आणि राजकीय विरोधकांवर, आंदोलकांवर ते चालवल्याच्या तक्रारी कायम होत आल्या आहेत. काकींना जिल्हा नको होता. त्यांना फक्त एसटी स्टँड ते कॉलेज एवढी वाट हवी होती.

२००५: वाक्य अखेर लिहिलं गेलं, पण उंबऱ्याच्या आत

ते तिसरं वाक्य कायद्यात स्पष्ट शब्दांत आलं ते कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ मध्ये. २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू झाला. कलम १८ खालचा संरक्षण आदेश म्हणतो: समोरच्यानं तिच्या नोकरीच्या जागी जायचं नाही, समोरासमोर, तोंडी, लेखी, फोनवर किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गानं संपर्क साधायचा नाही. मागते ती स्वतः. पाय बांधले जातात त्याचे. आणि मोडल्यास कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

रखमाबाईंच्या हुकुमापासून एकशे अठरा वर्षांनी तिन्ही प्रश्नांची उत्तरं बदलली.

पण अट आहे: दोघांत 'कौटुंबिक नातं' हवं. नवरा, सासर, एका घरात राहिलेले नातेवाईक, लग्नासारखं नातं. कामाचं आमिष दाखवून नेणारा दलाल या व्याख्येत बसत नाही. गल्लीतला माणूस बसत नाही. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा चौकशी चालू असताना दोघांपैकी एकाची बदली करायला परवानगी देतो, पण तो कामाच्या ठिकाणापुरताच. पाठलाग २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, पण तो घडल्यानंतरचा मार्ग झाला. जी मुलगी विकली गेली होती, तिच्या बाबतीत दिवाणी कायदा आजही उंबऱ्यावर थांबतो.

२०२०-२१: राखी आणि जामीन

तिच्यासाठी उरतात जामिनाच्या अटी. काकींना मी त्याच सांगितल्या होत्या. त्यांची अवस्था काय होती, ते बघा.

३० जुलै २०२० रोजी मध्य प्रदेश उच्च न्यायालयानं विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना अट घातली: राखीपौर्णिमेला मिठाई घेऊन, पत्नीसह फिर्यादीच्या घरी जा, तिला राखी बांधायची विनंती कर, ओवाळणी म्हणून अकरा हजार रुपये दे. ज्याच्यापासून लांब राहायला ती कोर्टात आली होती, त्यालाच कोर्टानं तिच्या दारात पाठवलं. १८८७ मध्ये तिला त्याच्याकडे पाठवलं होतं, २०२० मध्ये त्याला तिच्याकडे. मध्ये एकशे तेहतीस वर्षं.

अपर्णा भट आणि इतर स्त्री वकिलांनी या अटीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १८ मार्च २०२१ च्या निकालानं ती अट रद्द झाली आणि सगळ्या न्यायालयांसाठी सूचना आल्या. जामिनाच्या अटींनी आरोपी आणि पीडितेचा संपर्क घडवू नये, त्याला मुभाही देऊ नये. छळाची शक्यता असेल तर संरक्षणाचा विचार करून आरोपीला संपर्क न साधण्याचा आदेश द्यावा. जामीन झाल्यास तिला लगेच कळवावं आणि आदेशाची प्रत दोन दिवसांत तिला मिळावी.

म्हणून काकींना मी आता जास्त नेमकं सांगू शकते. सरकारी वकिलांमार्फत किंवा स्वतःचा वकील देऊन जामिनात संपर्कबंदीची अट मागता येते. कॉलेज, स्टँड, घर अशा जागा नावानिशी लिहून मागायच्या. अट मोडली तर जामीन रद्द करण्याचा अर्ज करता येतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो.

पण ही अट खटल्याच्या खुंटीला टांगलेली असते. खटला संपला, की अट संपली. तो निर्दोष सुटला तरी संपली, आणि शिक्षा भोगून आला तरी तिला परत काही मागता येत नाही. भीतीला मात्र निकालाची तारीख नसते.

मग नवा कायदा हवा का?

इथे घाईनं 'हो' लिहून टाकू नका. तीन प्रश्नांतला पहिला आठवा: मागणार कोण? इंग्लंडमध्ये १९९७ च्या छळविरोधी कायद्याखाली पीडित व्यक्ती स्वतः दिवाणी दावा लावू शकते. पण तिथल्याच २०१५ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्यातले तस्करी प्रतिबंधक आदेश पोलिसांसारख्या यंत्रणा मागतात, पीडिता नाही. दोन्हींचा परिणाम सारखा दिसला तरी ताकद वेगवेगळ्या हातांत आहे.

आपल्याकडे धोका आणखी एक आहे. आपल्या पसंतीनं लग्न करणाऱ्या मुलीला 'पळवून नेली' म्हणून परत आणायला आईवडील पोलिसांत जातात, हे आपण रोज पाहतो. संपर्कबंदीचा हुकूम कुटुंबाला तिच्या वतीनं मागता आला, तर पहिल्यांदा तो कोणाविरुद्ध निघेल? दलालाविरुद्ध की दुसऱ्या जातीतल्या मुलाविरुद्ध? म्हणून सज्ञान स्त्रीच्या बाबतीत हुकूम मागण्याचा हक्क फक्त तिचा असावा, आणि तिला तो मागेही घेता यावा, हे मला कलमाच्या बाकी मजकुराइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आणि एक बारीक गोष्ट, पुढे कोणाला संशोधनाचा विषय हवा असेल तर. काकींच्या दिराला मिळालेला मनाईहुकूम दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ खाली निघतो. त्यातला नियम १ मालमत्तेबद्दल आहे. पण नियम २ करारभंगाबरोबरच 'इतर कोणत्याही प्रकारची इजा' रोखण्याबद्दल बोलतो. संहिता १९०८ ची आहे. म्हणजे मुलीची वाट मोकळी ठेवायला लागणारे शब्द शंभराहून जास्त वर्षं कायद्यात पडून आहेत. त्या शब्दांखाली बांध, भिंती, विहिरी यांचे हुकूम मागायची आपल्याला सवय झाली आणि माणसाच्या जिवाचे मागायची झाली नाही. असं का? वकिलांच्या सवयी, खर्च, बदनामीची भीती, की दिवाणी म्हणजे जमीन हा पक्का समज? तालुका न्यायालयाची दप्तरं घेऊन बसलं तर एक चांगला प्रबंध यातून उभा राहील. उच्च न्यायालयाच्या छापील निकालांत हे सापडणार नाही. त्यासाठी खालच्या कोर्टातले चार ओळींचे हुकूम वाचावे लागतील.

परवा काकींना फोन केला. जामिनाच्या आदेशाची प्रत त्यांनी मागवली आहे. त्यात अट नसेल तर अर्ज कसा करायचा, ते बोलायला आम्ही विधी सेवा प्राधिकरणात जाणार आहोत. मुलगी अजून मावशीकडेच आहे. काकींनी विचारलं, "म्हणजे तो लांब जाणार, ती नाही, असंच ना?"

असंच असायला हवं, मी म्हटलं.